उणे तीस अंशांत मोटारीला इंजिन हीटर खरोखर लागतो का?

गोदाकाठ:

नमस्कार. उन्हाळा सरता सरता आम्ही नाशिकहून कॅनडातील सस्काटूनला राहायला आलो आणि आल्या आल्या एक वापरलेली टोयोटा कोरोला घेतली. गाडी २०१५ ची असून पेट्रोलवर चालते, आणि आधीच्या मालकाने ती व्हँकूव्हरच्या बाजूला वापरलेली आहे. येथे कोणाशीही गाडीचा विषय निघाला की पहिला प्रश्न येतो तो ब्लॉक हीटर (इंजिनाला लावायचा विजेचा हीटर) आहे का, हा. आमच्या गाडीला तो नाही. एका गॅरेजने सांगितले की हीटर बसवल्याशिवाय जानेवारी निघणार नाही आणि मजुरीसह साडेतीनशे डॉलरच्या आसपास खर्च येईल. दुसऱ्या गॅरेजमधील मेकॅनिकचे म्हणणे असे की फ्युएल इंजेक्शनच्या गाड्यांना आता असल्या वस्तूंची गरज उरलेली नाही, चांगली बॅटरी घाला आणि स्वस्थ राहा. कारण मात्र दोघांपैकी कोणीच नीट सांगितले नाही.

आमच्या इमारतीचे पार्किंग उघड्यावर आहे. प्रत्येक जागेसमोर विजेच्या सॉकेटचा खांब आहे, परंतु त्यासाठी हिवाळ्यात दरमहा वेगळे पैसे द्यावे लागतात. माझ्या पतीची पाळी सकाळी सहाला सुरू होते, म्हणजे गाडी काढायची ती रात्रीच्या सर्वांत थंड वेळेला. हा हीटर नेमके काय तापवतो, किती तापमानाखाली तो लावावा आणि रात्रभर लावून ठेवावा का, हे समजून घ्यायचे आहे. शिवाय मोबाइलवर तापमान उणे ३० आणि ‘जाणवणारे’ उणे ४२ असे दोन आकडे दिसतात. गाडीसाठी त्यांतला कोणता धरायचा? जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

विनिपेगवासी:

मी येथे एका वाहनताफ्याच्या देखभालीचे काम पाहतो, त्यामुळे या विषयावर जरा सविस्तर लिहितो.

शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण त्याचे उत्तर सोपे आहे. गाडीसाठी साधे तापमान धरावे. वाऱ्यामुळे जाणवणारे तापमान हे माणसाच्या उघड्या त्वचेसाठी काढलेले असते. निर्जीव वस्तू वाऱ्यात लवकर गार होते हे खरे, परंतु हवा उणे ३० असेल तर इंजिन उणे ३० च्या खाली जाऊच शकत नाही. म्हणून वाऱ्याच्या रात्री गाडी दहाऐवजी सहा तासांत पूर्ण गार होईल, एवढाच फरक पडतो.

आता हीटरविषयी. बहुतेक छोट्या गाड्यांचा ब्लॉक हीटर म्हणजे ४०० वॅटच्या आसपासची एक तापणारी कांडी असते आणि ती इंजिनच्या ठोकळ्यातील (ब्लॉकमधील) एका गोल भोकात, कूलंटमध्ये म्हणजे इंजिन थंड राखणाऱ्या द्रवात बुडेल अशी बसवतात. त्याची वायर पुढच्या जाळीतून बाहेर काढलेली असते. तापलेले कूलंट वर सरकते, गार कूलंट खाली येते आणि दोन-तीन तासांत सिलिंडरच्या भोवतालचा भाग बाहेरच्या हवेपेक्षा साधारण वीस-पंचवीस अंशांनी उबदार होतो. खालच्या ऑइलला ही ऊब उशिरा आणि कमी पोचते, म्हणून काही जण ऑइलच्या तळपात्राला चिकटवायची तापणारी पट्टी वेगळी लावतात. बॅटरीला मात्र ब्लॉक हीटरचा थेट काहीही उपयोग नाही, आणि हिवाळ्यात गाडी अडते ती बहुतेक वेळा बॅटरीमुळेच. उणे १८ अंशांत शिशाच्या बॅटरीची ताकद जवळजवळ निम्मी होते, आणि त्याच वेळी घट्ट झालेल्या ऑइलमुळे इंजिन फिरवायला स्टार्टरला एरवीपेक्षा कितीतरी जास्त जोर लागतो. बॅटरीवर जो ‘कोल्ड क्रँकिंग’चा, म्हणजे थंडीत इंजिन फिरवण्याच्या ताकदीचा, आकडा छापलेला असतो तो याच उणे १८ अंशांवर मोजलेला असतो. आपल्या दुसऱ्या मेकॅनिकचा मुद्दा इथपर्यंत बरोबर आहे. आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी की पूर्ण चार्ज असलेली बॅटरी येथील थंडीत गोठत नाही, पण दिवा चालू राहून उतरलेली बॅटरी उणे दहाच्या आसपासही गोठते आणि तिचे कवच तडकते.

ऑइलच्या बाबतीत डब्याच्या लेबलवरच उत्तर दिलेले असते. ०डब्ल्यू-२० मधील शून्य म्हणजे ते ऑइल उणे ३५ अंशांत इंजिन फिरू देईल आणि उणे ४० मध्येही पंपाला ओढता येईल, या कसोटीला उतरलेले आहे. ५डब्ल्यू साठी हेच आकडे उणे ३० आणि उणे ३५ असे आहेत, १०डब्ल्यू साठी उणे २५ आणि उणे ३०. आपल्या कोरोलाला कंपनीने ०डब्ल्यू-२० च सांगितलेले आहे. व्हँकूव्हरच्या सौम्य हवेत मागच्या मालकाने दुसरे काही भरले असेल तर ते आधी बदलून घ्यावे, कारण चुकीच्या ग्रेडचे ऑइल उणे तीसला काकवीसारखे होते आणि इंजिन सुरू झाल्यावरही वरच्या भागापर्यंत पोचायला वेळ घेते.

मग हीटर कशासाठी? उणे तीसला पेट्रोलची वाफ फार थोडी होते. म्हणून गाडीचा संगणक नेहमीपेक्षा कितीतरी जास्त पेट्रोल आत सोडतो, त्यातले न जळलेले पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीवरील ऑइलचा थर धुऊन खाली ऑइलमध्ये जाऊन मिसळते, आणि घर ते ऑफिस एवढ्याच अंतरासाठी गाडी वापरणाऱ्यांचे इंजिन ते पुन्हा उडून जाण्याइतके तापतच नाही. ठोकळा आधीच उबदार असेल तर हा जादा पेट्रोलचा काळ पुष्कळ आखडतो. उणे २० अंशांत ब्लॉक हीटरमुळे इंधनात १० टक्क्यांपर्यंत बचत होऊ शकते, असे कॅनडा सरकारचे नैसर्गिक संसाधन खाते सांगते. गाडीतला ब्लोअर लवकर गरम हवा देऊ लागतो आणि काच लवकर साफ होते, हा फायदा सकाळी सहाच्या पाळीच्या माणसाला सर्वांत आधी कळेल.

येथील रिवाज असा आहे की उणे १५ च्या खाली प्लग लावायचा विचार करायचा आणि उणे २५ च्या खाली तो लावायचाच. रात्रभर लावू नये. चार तासांनंतर इंजिन आणखी तापत नाही. जेवढी उष्णता आत जाते तेवढीच बाहेर निघून जाते. ४०० वॅटचा हीटर बारा तास चालला तर ४.८ युनिट जळतात, तीन तास चालला तर १.२. शंभर रात्री आणि युनिटला १५ सेंट असा हिशेब धरला तर ७२ डॉलरचे काम १८ डॉलरमध्ये होते. टायमर वीस-पंचवीस डॉलरला मिळतो.

थोडे विषयांतर करतो. हीटरच्या आधीच्या काळी या प्रेअरी प्रदेशातील, म्हणजे सपाट गवताळ मैदानातील, शेतकरी रात्री गाडीचे ऑइल डब्यात काढून घरात नेत आणि सकाळी चुलीवर कोमट करून पुन्हा भरत. या उपकरणाचे १९४९ चे पेटंट ज्या अँड्र्यू फ्रीमन यांच्या नावावर आहे, ते नॉर्थ डकोटातील ग्रँड फोर्क्सचे, म्हणजे आमच्यापासून दक्षिणेला सव्वादोनशे किलोमीटरवरचे. असली कल्पना अशाच ठिकाणी सुचणार.

टोरांटोकर:

वरील प्रतिसाद माहितीपूर्ण आहे, पण मी थोडे विरुद्ध बाजूने लिहितो. टोरांटोत अनेक वर्षे गाडी उघड्यावर ठेवतो आणि माझ्याकडे हीटर नाही, शेजाऱ्यांकडेही क्वचितच आहे. आमच्याकडे उणे २० च्या खाली तापमान जाते ते वर्षातून मोजक्या रात्री. तेवढ्यासाठी साडेतीनशे डॉलर घालणे मला पटत नाही. योग्य ऑइल आणि धडधाकट बॅटरी असेल तर आजची पेट्रोल गाडी उणे २५ अंशांतही सुरू होते. कार्ब्युरेटरच्या, म्हणजे फ्युएल इंजेक्शनपूर्वीच्या, जमान्यातील सवय लोक परंपरा म्हणून पुढे चालवत आहेत, असे माझे मत आहे. इंजिनाची सगळी झीज गाडी सुरू होतानाच होते, असे सांगून हीटर खपवणाऱ्या जाहिरातींतील टक्केवारीवर तर मुळीच विश्वास ठेवू नये. गोदाकाठताईंनी ते पैसे चांगल्या बॅटरीत आणि हिवाळी टायरमध्ये घालावेत.

विनिपेगवासी:

टोरांटोपुरते आपले म्हणणे मला पूर्ण मान्य आहे आणि जाहिरातींबद्दलही. परंतु सस्काटूनला जानेवारीतील रात्रीचे सरासरी किमान तापमानच उणे २० च्या आसपास असते, आणि थंडीची लाट आली की पारा आठवडाभर उणे ३० च्या खाली मुक्काम ठोकतो. आपल्याकडील अपवाद हा तेथील नेम आहे. गाडी सुरू होणे ही एक गोष्ट आणि ती रोज पहाटे उणे तीसला सुरू करत राहणे ही दुसरी. प्रेअरीत विकल्या जाणाऱ्या नव्या गाड्यांना हीटर बहुतेक वेळा आधीच बसवलेला असतो तो याच कारणाने. व्हँकूव्हरच्या गाडीला तो नसणे स्वाभाविक आहे, तरीही पुढच्या जाळीमागे तीन दातांचा प्लग बांधून ठेवलेला नाही ना, हे खर्च करण्यापूर्वी टॉर्च घेऊन एकदा पाहावे.

गाडी व्हँकूव्हरची आहे यावरून आणखी एक गोष्ट सुचली, आणि माझ्या मते ती हीटरपेक्षा अधिक तातडीची आहे. कूलंट तपासून घ्या. निम्मे ग्लायकॉल (गोठण्यापासून वाचवणारे रसायन) आणि निम्मे पाणी असेल तर ते उणे ३७ पर्यंत गोठत नाही. पण उबदार भागात पातळी कमी झाली की लोक नुसते पाणी ओततात, आणि ग्लायकॉल एकतृतीयांशावर आले तर उणे १७-१८ अंशांतच बर्फाचे स्फटिक धरू लागतात. ते घट्ट गोठले तर इंजिनचा ठोकळाच तडकू शकतो, मग हीटर बसवायला इंजिन उरणार नाही. उलट, जास्त असलेले बरे म्हणून निव्वळ ग्लायकॉल भरणेही चूक आहे, कारण ते एकटे उणे १३ च्या आसपासच गोठते. कोणत्याही गॅरेजमध्ये दोन मिनिटांत ही तपासणी होते. हीटर बसवताना बहुधा कूलंट काढावे लागते, तेव्हा दोन्ही कामे एकदम उरकता येतील.

निवृत्त_ईएमई:

मी सातारा जिल्ह्यातला. सैन्याच्या ईएमई शाखेत वाहन दुरुस्तीचे काम केले आणि लेह, द्रास या भागांत हिवाळे काढले. चर्चा पेट्रोलच्या गाडीविषयी आहे हे वाचले, तरी डिझेलचा विषय आल्याशिवाय ती अपुरी राहील असे वाटते.

डिझेलच्या गाडीत ठिणगी नसते. दाबलेल्या हवेच्या उष्णतेवरच इंधन पेटते. ठोकळा उणे पंचवीस अंशांवर असला की ती उष्णता आसपासचे लोखंडच शोषून घेते. लेह साडेतीन हजार मीटर उंचीवर असल्यामुळे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या दोन-तृतीयांशच असतो, म्हणजे दाबायला हवाच कमी मिळते. त्यात डिझेलमधील मेण साखळून फिल्टर बंद पडतो. अशा वेळी इंजिन कितीही गरम केले तरी उपयोग होत नाही, कारण इंधन टाकीतून पुढेच येत नाही. त्या रस्त्यावरचे ट्रकचालक टाकीखाली जाळ करताना मी पाहिले आहेत आणि पाहताना प्रत्येक वेळी छातीत धस्स झाले आहे. डिझेलमध्ये रॉकेल मिसळण्याची पद्धतही सर्रास होती. आमच्या तुकडीत रात्री बॅटऱ्या काढून बराकीत बुखारीपासून (खोली तापवायच्या शेगडीपासून) थोड्या अंतरावर ठेवायच्या, गाड्या ओळीने वाऱ्याकडे पाठ करून लावायच्या आणि पहारा बदलला की आळीपाळीने सुरू करून घ्यायच्या, असा शिरस्ता होता. इंजिनापाशी वीज कुठून आणणार? सगळा खटाटोप त्यासाठी.

पुढे नोव्हेंबर २०१९ मध्ये इंडियन ऑइलने लडाखसाठी पानिपतच्या रिफायनरीतून हिवाळी डिझेल आणले, जे उणे ३३ अंशांपर्यंत वाहते राहते. त्यामुळे इंधनाचा प्रश्न बराच सुटला. इंजिनाचा आणि बॅटरीचा सुटला असे मात्र नाही.

ताई, आपली गाडी पेट्रोलची आहे त्यामुळे यातील निम्मी दगदग आपल्याला नाही. परंतु खांबावर वीज असताना ती न घेणे, हे माझ्यासारख्याला समजत नाही. आम्हाला द्रासला असा खांब मिळाला असता तर त्याची पूजा केली असती.

ओउलूहून:

फिनलंडमधील पद्धत सांगते, कारण ती कॅनडापेक्षा थोडी वेगळी आहे. येथे गाडीला हीटर हवा की नको ही चर्चाच सहसा होत नाही; इमारतीच्या पार्किंगमध्ये घड्याळ बसवलेले खांब असतात आणि आपण निघायची वेळ लावून ठेवायची. सर्वसाधारण सल्ला असा की शून्याच्या आसपास अर्धा तास, उणे ५ ते १० मध्ये एक तास, उणे १० ते २० मध्ये दोन तास आणि त्याखाली तीन तास. म्हणजे गाडी सुरू होण्यात कसलीही अडचण नसतानाही हीटर लावतात, कारण हेतू धूर आणि इंधन कमी करण्याचा असतो. थंड इंजिनाच्या पहिल्या काही किलोमीटरांत जेवढा विषारी धूर निघतो तेवढा पुढच्या लांब प्रवासातही निघत नाही, कारण धूर शुद्ध करणारे कन्व्हर्टर तापल्याशिवाय कामच करत नाही. अलास्कातील फेअरबँक्स शहरात हिवाळ्यात साचणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडवर उपाय म्हणून गाड्या प्लगला लावण्यावर भर दिला गेला, तो याच कारणाने.

येथे आमच्याकडे २३० व्होल्ट असल्याने बरेच जण त्याच जोडणीवर गाडीच्या आत छोटा पंखा-हीटरही ठेवतात. काच खरवडायची कटकट त्यामुळे संपते. एका नियमाकडे मात्र कडकपणे पाहिले जाते. गाडी काढल्यावर वीज चालू असलेली वायर खांबाला लोंबकळत ठेवायची नाही. वायर गाडीच्या बाजूने नव्हे, खांबाच्या बाजूने आधी काढायची आणि बरोबर घेऊन जायची. लहान मुले त्या वायरशी खेळतात, बर्फ हटवणारे यंत्र ती ओढून नेते, आणि विसराळू माणसे तर वायरसकट गाडी रस्त्यावर आणतात.

कॅल्गरीचा_रहिवासी:

टायमरच्या मुद्द्याला दुजोरा देतो. १३ जानेवारी २०२४ ला अल्बर्टात थंडीच्या लाटेत विजेची एवढी ओढाताण झाली की संध्याकाळी सगळ्यांच्या मोबाइलवर आणीबाणीचा संदेश आला आणि वापर ताबडतोब कमी करण्याचे आवाहन झाले. विजेवरील गाडीचे चार्जिंग आणि ब्लॉक हीटर गर्दीच्या वेळेनंतर लावा, हेही त्यात सांगितले जात होते. लोकांनी ऐकलेही, काही मिनिटांतच मागणी लक्षणीय उतरली. कामावरून आल्या आल्या प्लग लावणारा माणूस नेमक्या त्या वेळी वीज ओढतो, जेव्हा त्याचे इंजिन अजून गरमच असते.

माझी स्वतःची गाडी विजेवरची आहे. तिला ब्लॉक हीटर नसतो, पण प्लगची गरज तिलाही तेवढीच असते, कारण निघण्यापूर्वी बॅटरी आणि आतील भाग भिंतीच्या विजेवर तापवून घेतला नाही तर तीच ऊब बॅटरीतून खर्च होते आणि पल्ला जाणवण्याइतका घटतो.

गोदाकाठ:

सर्वांचे मनापासून आभार. जाळीमागे प्लग नाही, हे टॉर्च घेऊन पाहिले. कूलंट तपासून घेतले. ते उणे २३ पर्यंतचेच निघाले, म्हणजे विनिपेगवासींचा अंदाज बरोबर होता. ते बदलणार आहोत आणि त्याच वेळी हीटरही बसवून घेण्याचे ठरवले आहे. टोरांटोकरांचा सल्लाही अर्धा मानला असून बॅटरीची चाचणी करून घेत आहोत. काका, आपल्या शिरस्त्याविषयी वाचून पती म्हणाले की आता तक्रार करायला तोंड उरले नाही.

एक नवीन शंका आहे. पार्किंगमधील सॉकेटची वीज मध्येच जाते आणि मध्येच येते, असे शेजारच्या गाडीच्या वायरवरील लाल दिव्यावरून दिसले. अर्धा तास दिवा चालू, मग बराच वेळ बंद. सॉकेट बिघडले आहे का? आणि हीटर बसवल्यावर तो खरोखर चालतो आहे, हे बॉनेट उघडून हात न लावता कसे कळेल?

विनिपेगवासी:

बिघाड नाही. अनेक पार्किंगमध्ये वीज वाचवण्यासाठी सॉकेट आळीपाळीने चालू-बंद केले जातात, आणि काही ठिकाणी बाहेरचे तापमान ठरावीक आकड्याच्या खाली गेल्याशिवाय ते चालूच होत नाहीत. व्यवस्थापकाला विचारून आपल्याकडचे वेळापत्रक समजून घ्यावे. अर्धा वेळच वीज मिळत असेल तर टायमर तीन तासांऐवजी सहा तास आधी लावावा, म्हणजे प्रत्यक्षात हीटरला तीन तास मिळतील. अशा सॉकेटवर फिनलंडप्रमाणे आतला पंखा-हीटर जोडू नये. त्यांची क्षमता बेताची असते आणि एकाच्या हौसेपायी सगळ्या ओळीची वीज जाते.

हीटरची चाचणी अशी. शांत वेळी प्लग लावून जाळीजवळ कान न्यावा. मिनिटाभरात पाणी उकळायला लागण्यापूर्वी येतो तसा बारीक सूंऽऽ आवाज येतो. ऐकू आला नाही तर मल्टीमीटर घेऊन गाडीकडच्या प्लगच्या दोन चपट्या पिनांमधला रोध मोजावा. १२० व्होल्टवर ४०० वॅटचा हीटर असेल तर तो ३६ ओहमच्या आसपास यायला हवा. अनंत दाखवला तर हीटरची कांडी जळालेली आहे किंवा वायर तुटलेली आहे, आणि वायर तुटण्याचे प्रमाण अधिक असते, कारण साध्या प्लास्टिकची वायर उणे तीसला कडक होऊन दुमडली की तडकते. म्हणून खांबापासून गाडीपर्यंतची वायर घेताना ती बाहेरच्या वापरासाठीची, थंडीत लवचिक राहणारी आणि जाड तारेची आहे हे पाहूनच घ्यावी. टायमरचेही तसेच आहे. चक्ती फिरवण्याचे स्वस्त टायमर कडक थंडीत अडकतात आणि हे कळते ते पहाटे साडेपाचला. बाहेर वापरण्याजोगा, १५ अँपिअरचा टायमर घ्यावा. आपले सॉकेट मध्येच बंद होत असल्यामुळे बॅटरीवर वेळ सांभाळणाराच घ्यावा, कारण साधा टायमर वीज गेली की थांबतो आणि एका रात्रीतच काही तासांनी मागे पडतो.